बिनपंचाचा खेळ

पंचआजोबांच्या पोटात दुखायचं ते रोज संध्याकाळी, नेमकं मैदानावर पोरं जमायच्या वेळेला. उभा जन्म त्यांनी शिट्टी फुंकून भल्याभल्यांना बाद केलं होतं. निवृत्त झाल्यावर नातीला, म्हणजे बारकीला, खेळ आपणच शिकवणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आणि बारकी पळायची त्या दातवाल्या मावशीकडे. दातांच्या दवाखान्यात जिच्या खुर्चीवर बसायचं म्हटलं की पोरं भोकाड पसरायची, तिच्याच मागेपुढे संध्याकाळी बारकी नाचायची. आता बोला.

मावशीचा खेळही असा, की आजोबांच्या अंगाचा तिळपापड व्हावा. चेंडू लागला की बाद. पण लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानंच सांगायचं. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. बाद झालेल्यानं नुसतं बसायचं नाही, मैदानातला कचरा उचलायचा. पंच नावाला नाही. आजोबांच्या लेखी हा शुद्ध वेडेपणा होता.

"अहो, पोरं आहेत ती. धडधडीत खोटं बोलतील," त्यांनी एकदा मावशीला सुनावलं.

"बोलतात ना, काका. सुरुवातीला सगळेच बोलतात," ती हसली. "तुम्ही या की खेळायला."

आजोबा हट्टानं गेले. गळ्यात शिट्टी होतीच. आज बारकीला कळायला हवं होतं, की घरात खरा खेळाडू कोण आहे.

एका पोराच्या सदऱ्याला चेंडू निसटता लागला. आजोबांनाही नीट दिसलं नव्हतं. पोरगा आपणहून "बाद" म्हणाला आणि वेफर्सची रिकामी पाकिटं वेचायला गेला. मग दुसरी गेली, तिसरा गेला. आजोबांचा जळफळाट वाढत चालला. आयुष्यभर शिट्टी फुंकून जे जमलं नाही, ते या बाईनं हसतखेळत केलं होतं.

शेवटी उरले आजोबा आणि बारकी. बारकीनं चेंडू मारला. तो आजोबांच्या पायजम्याला घासून गेला. बारकी थांबली, त्यांच्याकडे बघत राहिली. आजोबांनी वाकून चेंडू उचलला आणि तिला मारला.

"बाद," बारकी म्हणाली आणि कचऱ्याची पिशवी घेऊन निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यात जीव नव्हता.

घरी जाताना आजोबांना राहवेना.

"तुला दिसलं होतं?"

"सगळ्यांनाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तुम्ही सांगायचं असतं ना." मग तिनं त्यांचा हात धरला आणि समजूत घातली, "असू दे, आजोबा. सुरुवातीला सगळेच करतात."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. शब्दसुद्धा त्या बाईचेच.

"मी बाद होतो," ते पुटपुटले.

"मला नका सांगू. उद्या सगळ्यांना सांगा. मग कचरा उचलायला मी येईन तुमच्याबरोबर."

हेही त्या बाईनंच शिकवलं असणार, असं आजोबांच्या मनात आलं आणि पोटात पुन्हा कळ उठली. पण बारकीचा हात त्यांनी घरापर्यंत सोडला नाही.