चार ठोके की पाच

माझ्या खालच्या टोकापासून वीतभर वर रुपयाएवढी एक जागा आहे. तिथे गंज चढत नाही. बाकी अंग तपकिरी आणि खरखरीत. ती जागा मात्र गुळगुळीत, किंचित खोलगट. हातोडी नेहमी तिथेच पडे, कारण तिथे मारलं की माझा आवाज सर्वांत लांब जातो.

मी रुळाचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. कापूस वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळाचा. मूर्तिजापूरच्या यार्डात मला कापलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका गावात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनवाल्यांच्या देणगीतून दवाखाना उभा राहत होता. तिथे फाटकाजवळच्या निंबाला मला तारेनं टांगलं.

माझं काम डॉक्टर खुशालरावांनी ठरवलं. ते नुकतेच नागपूरहून शिकून आले होते आणि मैदानापलीकडे राहत. दवाखान्यात जिनाच्या यंत्रात सापडलेली, बैलबंडीखाली आलेली, बैलानं शिंगावर घेतलेली माणसं येत. कोणासाठी चालत जायचं आणि कोणासाठी धावत, हे घरबसल्या कळावं म्हणून त्यांनी नियम केला. जखमी आला की एक ठोका. नाडी बिघडली असेल तर आणखी एक. श्वास बिघडला असेल तर एक. अंग गार पडून घाम सुटला असेल तर एक. शुद्ध गेली असेल तर एक. जखम केवढी दिसते, माणूस किती ओरडतो, याला ठोका नव्हता. "ओरडायला दम लागतो," ते म्हणत. "ज्याच्यात दम आहे, तो थांबू शकतो."

पहिली काही वर्षं मी खरं बोललो. एक-दोन ठोक्यांची माणसं पट्टी बांधून घरी जात. तीन-चारची वाचत, पण डॉक्टर धावत आले तरच. पाचची बहुधा धावूनही वाचत नसत. गावाला हे इतकं ठाऊक झालं की चौथ्या ठोक्यानंतर बाजारातली माणसं बोलणं थांबवून कान देत, आणि पाचवा पडला नाही की सुस्कारा टाकत. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालत.

मग एकदा किसनरावांच्या पुतण्याचं बोट जीपच्या दारात चेंगरलं. किसनराव म्हणजे जिनाचे मालक आणि दवाखान्याचे विश्वस्त. फाटकावरच्या शेषरावानं पाच ठोके मारले. डॉक्टर उष्ट्या हातानं, अनवाणी धावत आले आणि त्या बोटाकडे बघत उभे राहिले.

"शेषराव, हे काय?"

"मालकाच्या पुतन्याले एकच ठोका मारू काय साहेब? माही नोकरी राहीन काय मंग?"

डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली आणि ते परत जेवायला गेले. माझी किंमत तिथेच गेली. पुढे पाटलाच्या पाहुण्याला चार, मेंबराच्या मेव्हण्याला पाच. लग्नात फेटे वाटावे तसे ठोके वाटले जाऊ लागले. डॉक्टर आधी चालत येऊ लागले, मग जेवण आटोपून. नर्स इंदूबाई अधूनमधून म्हणत, "साहेब, नाडी मी पाहते, तर ठोकेही मीच देते." डॉक्टर म्हणत, "बघू."

कापसाच्या हंगामात, भर दुपारी, धर्मपाल आपल्या बायकोला, जयवंताला, बंडीत घालून घेऊन आला. दोघंही नांदगावची, किसनरावांच्या जिनात कामाला. थप्पीवरून रुईची, दाबलेल्या कापसाची, जड गाठ घसरून जयवंताच्या डाव्या कुशीवर आदळली होती. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता.

"रगत कुठी हाये?" शेषरावानं विचारलं.

"आंदर लागलं भाऊ. हात लावून पाह्य, गार पडून राहिली."

"मुका मार हाये. हयद लाव. नाव काय तुहं?"

"धर्मपाल."

"धर्मपाल!" शेषराव हसला. "छप्पन सालापावतर धर्मा होता न तू?"

"होतो. आता नाई. तू ठोका मार."

एक ठोका पडला.

जयवंता पाणी मागत होती. थांबून थांबून पुन्हा मागत होती. इंदूबाई आत बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. त्या बाहेर आल्या तोवर बंडीवरची सावली सरकून गेली होती. त्यांनी मनगट धरलं, श्वास पाहिला, कपाळाला हात लावला. "नाव काय बाई तुझं?"

"जयवंता."

इंदूबाईंनी शेषरावाच्या हातून हातोडी ओढून घेतली आणि मला चार ठोके दिले. पाचवा दिला नाही, कारण ती बोलत होती.

माझा आवाज मैदानापलीकडे स्वच्छ पोचला. पलीकडचं दार उघडलं नाही. शेवटी दवाखान्यातल्या आयाला त्यांच्या घरी धावत पाठवलं. डॉक्टर आले तेव्हा जयवंता बोलायची थांबली होती. टेबलावर घेईपर्यंत ती गेली. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटून सगळं रक्त पोटातच साचलं होतं.

त्यानंतर शेषराव सांगत सुटला की बाई एका ठोक्याचीच दिसत होती, कोणाला काय कळणार? किसनराव वेगळं सांगत. "पाच म्हना डॉक्टर. पाच म्हटलं का कोनाकडंच बोट जात नाई. देवाची मर्जी." धर्मपाल दर बाजाराच्या दिवशी धुतलेला सदरा घालून निंबाखाली येई आणि एवढंच विचारी, "साहेब, जयवंताचे ठोके किती होते?" डॉक्टर म्हणत, "पुढच्या बाजारी ये."

"अबे, ठोके मोजून मेलेलं मानूस जित्तं होते काय?" शेषराव त्याला डिवचे.

"नाई होत. तरी मोजू दे."

माझ्यावर आता कोणाचा भरवसा उरला नव्हता. पोरं दगड मारून मला वाजवत आणि कोणी वळूनही बघत नसे. मित्रांनो, मला माळ नको, रंग नको. ज्या आवाजावर कोणाचा जीव टांगलेला आहे, तो मान म्हणून मागू नका, आणि मागणाऱ्याला देऊ नका. माझं लोखंड अजून शाबूत आहे. हातोडी पडली की मी पहिल्यासारखाच वाजतो. फक्त कोणी उठत नाही.

होळीच्या आधीच्या बाजाराला धर्मपाल आला तेव्हा किसनराव दवाखान्याच्या ओसरीवर डॉक्टरांशेजारी खुर्ची टाकून बसले होते. इंदूबाई पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. धर्मपालनं तेच विचारलं.

"पाच होते रे बापू," किसनराव म्हणाले. "कितीखेप सांगू तुले?"

"पाच म्हंजे शुद्ध नाई," धर्मपाल म्हणाला. "तिनं बाईले आपलं नाव सांगतलं. मी जवळच होतो."

इंदूबाईंचे हात थांबले. डॉक्टर खुशालराव खुर्चीवरून उठले. किसनरावांकडे न बघता ते पायऱ्या उतरून निंबाखाली आले.

"चार होते, धर्मपाल," ते म्हणाले. "मी मोजले, आणि जेवत राहिलो."