काटा वादळावर आला तेव्हा

घरात शिरताच डाव्या हाताला, बूट ठेवायच्या बाकड्याच्या वर, जे गोल आणि घड्याळासारखे दिसते पण वेळ सांगत नाही, ते मी. मित्रांनो, मी म्हातारा बॅरोमीटर आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला वायुभारमापक म्हणतात. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. तिच्यातली हवा काढून ती कायमची बंद केलेली आहे. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की डबी चेपते, कमी झाला की फुगते, आणि तिच्या त्या बारीकशा हालचालीवर माझा काटा फिरतो. तबकडीवर इंग्रजीत शब्द कोरले आहेत: वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडे. एवढेच माझे ज्ञान. त्यापलीकडचे मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला आर्थर नावाच्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याने ऑस्ट्रेलियात, वॉरिंडाला आणले. वॉरिंडा हे दक्षिणेकडच्या मैदानातले छोटे गाव. इथे डोंगर नाही की टेकडी नाही. धान्याचे सायलो, म्हणजे काँक्रीटची उंच कोठारे, हीच इथली शिखरे. अशा सपाट मुलखात हवा अडवायला काही नसते. दक्षिणेचा गारठा आणि उत्तरेच्या वाळवंटाची धग, दोन्ही सरळ अंगणात येऊन उभी राहतात. आर्थर कापणीचा दिवस मला विचारून ठरवी. पाहुणे आले की तो माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणे, की हा रेडिओपेक्षा शहाणा आहे. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले. आर्थर गेला. त्याच्या मुलांनी शेत विकले, मला गावातल्या या घरात टांगले आणि घर भाड्याने दिले. भाडेकरू आले नि गेले. माझ्या काचेमागे कोळ्याने जाळे केले, काटा 'बदल'वर अडकला, आणि बाहेर काहीही चालले असले तरी मी वर्षानुवर्षे 'बदल'च म्हणत राहिलो.

माझे नशीब पालटले ते विश्रामरावांमुळे. त्यांची मुलगी सुखदा डॉक्टर. सिडनीला, वेस्टमीड या उपनगरात काही वर्षे काढल्यावर तिने वॉरिंडाच्या लहानशा हॉस्पिटलात नोकरी घेतली. तिचा नवरा यतिन वेस्टमीडच्याच एका लॅबमध्ये राहिला. एक शनिवार-रविवार सोडून तो गाडीने इकडे यायचा. शिफ्ट आणि मुलगी असे दोन्ही सुखदाला एकटीला जमेना, म्हणून पुण्याहून विश्रामराव आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, आणि कुणाला आपला त्रास होऊ नये याची फार काळजी घेणारे. नात इरावती मराठीत विचारले की इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचे ऑस्ट्रेलियन इंग्रजी आजोबांना निम्मेच कळायचे. मग ते दोघे मिळून करता येईल असे काम शोधू लागले, आणि त्यांना मी सापडलो. त्यांनी मला उघडले, जाळे काढले, काटा फिरवणाऱ्या बारीक साखळीला तेलाचा थेंब दिला. काटा सुटला तेव्हा इरावती "ही इज अलाइव्ह, आबा!" म्हणाली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याविषयी असे बोलले.

मी सांगणार आहे तो आठवडा नोव्हेंबरातला, म्हणजे इथल्या वसंतातला. सोमवारी दक्षिणेचा इतका बोचरा वारा सुटला की इरावती जाकीट घालून शाळेत गेली. मंगळवारी लख्ख ऊन पडले, आणि रस्त्याकडेचे कमरेएवढे गवत फुलोऱ्यावर आले. बुधवारी उत्तरेचा वारा तापलेली धूळ घेऊन आला. गुरुवारी पुन्हा गारठा आणि भुरभुर पाऊस. माझा काटा आठवडाभर एका जागी ठरला नाही, आणि विश्रामरावांची शिंकही थांबली नाही. डोळे लाल, नाक वाहते, आवाज बसलेला.

सुखदा कामावर निघताना बाकड्यावर बसून बूट घालायची, आणि रोज तेच विचारायची. छाती भरल्यासारखी वाटते का, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का. विश्रामराव रोज 'नाही' म्हणायचे. पण ती गेली की ते याच बाकड्यावर बसून दम घ्यायचे. तो बारीक आवाज मला ऐकू यायचा. मला तोंड नाही.

बुधवारी ती औषधाच्या दुकानातून निळा पफर घेऊन आली. पफर म्हणजे दम लागल्यावर तोंडाने ओढायच्या औषधाचा छोटा पंप. सोबत प्लास्टिकचे रुंद नळकांडेही होते. ते पाहून विश्रामराव दुखावले.

"मला दमा नाही, सुखदा. आपल्या घरात कुणालाच नव्हता. नुसती सर्दी आहे."

तिने समजावले, की या मैदानात वसंतात वादळ आले की गवताचे परागकण वाऱ्याबरोबर वर जातात, ओलाव्याने फुटतात, आणि त्यांचा भुगा थेट छातीत खोल उतरतो. ज्यांना आयुष्यात कधी दमा झाला नाही, नुसत्या शिंका येतात, त्यांचाही जीव घुसमटतो. विश्रामरावांनी ऐकून घेतले, मान हलवली, आणि ती गेल्यावर पफर माझ्याखालच्या खणात मोज्यांमागे सारला. इरावतीने ते पाहिले.

शुक्रवारी उन्हाची भट्टी पेटली. दुपारनंतर माझा काटा घसरू लागला तो थांबेना. सुखदाने हॉस्पिटलातून फोन करून सांगितले, की वादळ आणि परागकणांबाबत सावधगिरीचा इशारा आला आहे, खिडक्या लावून घरातच बसा. विश्रामरावांनी सगळ्या खिडक्या लावल्या. इरावती शाळेतून आली, तिला त्यांनी खायला दिले. मग ते माझ्यासमोर आले. काटा 'वादळा'वर टेकला होता. आता पाऊस येणार, आणि मागच्या अंगणात तर सुखदाचे हॉस्पिटलचे कपडे वाळत आहेत. दोन मिनिटांचे तर काम, असे पुटपुटत ते मागचे दार उघडून बाहेर गेले.

त्याच वेळी वारा आला. उघड्या दारातून घरभर पिवळट धूळ घुसली. मग काही थेंब, गडगडाट, आणि कपड्यांचा बोळा छातीशी धरून विश्रामराव आत आले. ते माझ्याखालच्या बाकड्यापर्यंत पोचले आणि बसले. कपडे खाली पडले. त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जात होते, गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती, आणि आता तो शिट्टीचा आवाज घरात कुणालाही ऐकू आला असता.

इरावती धावत आली. ते आडवे होऊ लागले तशी तिने त्यांना धरले. "नो, आबा, सिट अप. बसून राहा." आजोबांशी ती आपणहून मराठीत पहिल्यांदा बोलली ते त्या क्षणी. तिने खण उपसला, मोजे भिरकावले, पफर काढून नळकांड्याला लावला. हे तिला शाळेत शिकवले होते. तिने पफर दाबला, आणि आजोबा नळकांड्यातून श्वास घेत राहिले. अँब्युलन्ससाठी लावलेला फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई सांगत होती, की सगळ्या अँब्युलन्स बाहेर आहेत, येतील, पण वेळ लागेल. मग इरावतीने आईला फोन लावला. पलीकडून आधी खोकल्याचा, ओरडण्याचा गलका आला, मग सुखदाचा आवाज.

"इरा, ऐक. मला इथून निघता येत नाहीये. दारात माणसांची रांग लागलीये, आणि डॉक्टर मी एकटीच आहे. तू शेजारच्या ग्लेनला हाक मार. जोरात मार. त्याला म्हणावं, आबांना माझ्याकडे घेऊन ये."

ग्लेन म्हणजे पलीकडच्या घरातला निवृत्त ट्रकवाला. तो अनवाणीच आला. विश्रामरावांना काखेत धरून त्याने उचलल्यासारखे नेले, इरावती पफर घेऊन मागे पळाली, आणि त्याची ट्रकवजा गाडी गेली. दार सताड उघडे राहिले.

मित्रांनो, त्यानंतरच्या एकटेपणाविषयी मी काय सांगू? पाऊस नावाला पडला. वादळ पूर्वेकडे सरकले, थंड हवा आली, दाब वाढला. माझा काटा भराभर चढला आणि 'स्वच्छ' म्हणू लागला. जमिनीवर हॉस्पिटलचे कपडे, मोजे, एक चप्पल. घरात माणूस नाही, आणि मी 'स्वच्छ' दाखवत होतो.

पुढचे मला रविवारी कळले. शनिवारी पहाटेच यतिन सिडनीहून थेट हॉस्पिटलात येऊन पोचला होता. रविवारी तो सुखदा आणि इरावतीसोबत विश्रामरावांना हॉस्पिटलातून घरी घेऊन आला, आणि ते बूट काढायला बाकड्यावर बसले ते तिथेच बसून राहिले. यतिन इरावतीला घेऊन स्वयंपाकघरात गेला. सुखदा जमिनीवर भिंतीला टेकून बसली. दोन दिवसांत ती धड झोपली नव्हती.

"मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं आणि निघून गेले, बाबा."

ती थांबत थांबत सांगत होती. पफरमुळे त्यांना चार शब्द बोलता येत होते. तिने छाती तपासली, ऑक्सिजन लावला, कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसवले आणि नर्सला लक्ष ठेवायला सांगितले. त्यांच्यामागे रांगेत शाळेच्या बसची ड्रायव्हर होती, तिचे ओठ निळे पडले होते. ती बाई वाचली. मग सायलोवर काम करणारा एक तरुण मुलगा आला. त्याला आणायला उशीर झाला होता. त्याच्यासाठी तिने जे करता येते ते सगळे केले. तो गेला. तेवढ्या वेळात एकदाही तिने वडिलांकडे वळून पाहिले नव्हते.

विश्रामराव हातातल्या बुटाची नाडी सोडवत राहिले. मग म्हणाले, "मला राग आला होता तुझा. सख्खा बाप गुदमरतोय आणि ही पाठ करून उभी आहे, असं वाटलं. ती बसवाली बाई श्वास घ्यायला लागली, तेव्हा राग गेला. भीती नाही गेली."

सुखदाने डोळे पुसले. "मी रोज विचारत होते बाबा, छातीत आवाज येतो का म्हणून."

"येत होता."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून." त्यांनी बूट खाली ठेवला. "तुझ्यामागे आधीच एवढा व्याप. त्यात मी आणखी कशाला, असं वाटलं. त्या मुलाच्या घरीही कुणी असंच गप्प बसलं असेल का गं?"

सुखदा उठून त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले. त्या अरुंद बाकड्यावर दोघे कसेबसे मावले होते.

मित्रांनो, मी हवेचा भार सांगतो. वाऱ्यात काय मिसळले आहे, ते सांगणारा शब्द माझ्या तबकडीवर नाही. माणसाच्या छातीवर किती भार आहे, हे सांगणारे यंत्र तर अजून कुणी भिंतीला टांगलेले नाही. ते माणसालाच विचारावे लागते. म्हणून तुमच्या घरातले कुणी लाल डोळ्यांनी "काही नाही, नुसती सर्दी आहे" म्हणाले, तर एकदा विचारून बुटाच्या नाड्या बांधायला लागू नका. त्यांच्याजवळ बसा. पुन्हा विचारा, आणि खरे उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि तुमची स्वतःची छाती भरून आली, तर समोरचा कितीही घाईत असला तरी त्याला थांबवा आणि सांगा.