जावईबापूंच्या मानेवरची ठिगळे

मित्रांनो, आधी माझ्या मानेकडे बघा. संकोच करू नका, सगळेच बघतात. डाव्या बाजूला रबराची ठिगळे आहेत, एकावर एक, कडा उचकटलेली. उजवी बाजू मात्र कोरी करकरीत. असे का, ते सांगण्यातच माझी सगळी कहाणी येते.

मी एक जुना रबरी बाहुला आहे. माझ्या पोटात पाणी भरतात आणि मला खुर्चीत बसवतात. माणसांच्या आधी रोलर कोस्टरमध्ये बसायचे, एवढेच काम मी जन्मभर केले.

पाण्याच्या टाक्या आणि हवेच्या होड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला धड दिले, डोके दिले, मांड्या दिल्या. नाक-डोळे द्यायचे मात्र कुणाला सुचले नाही. खांद्यावर एक झाकण आहे, त्यातून पाणी भरले की मी एका धडधाकट माणसाएवढा जड होतो. रिकामा केला की माझी घडी घालता येते. अशी सोय तुमच्यापैकी कुणाला आहे का?

तिथून मी रोलर कोस्टर बनवणाऱ्या कंपनीत आलो. खाली लांबलचक वर्कशॉप, वर आराखडे काढायची खोली आणि मागच्या मैदानात चाचणीचा रूळ. कंपनीचे मालक म्हणजे साहेब. बाहीवर कायम ग्रीसचा डाग आणि खिशात कायम पेन्सिल. त्यांची सूनबाई वरच्या खोलीत शेजारच्या टेबलावर आराखडे काढायची. साहेबांच्या मुलाला लहानपणी पाळण्यातसुद्धा गरगरायचे, म्हणून तो जमिनीवर राहून विक्री बघायचा.

माझे बारसे वर्कशॉपमधल्या मामांनी केले. फाटलेले रबर चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून सगळे त्यांना पंक्चरमामा म्हणत. पहिल्याच दिवशी मला पहिल्या खुर्चीत बसलेला पाहून ते म्हणाले, "बघा थाट! पुढची खुर्ची यांची, पट्टा दुसऱ्याने लावायचा, उतरवायला दोन माणसं. आणि काम? बसून राहणं. हे तर आपले जावईबापू!"

सगळे हसले आणि ते नाव मला चिकटले ते कायमचे. साहेबांना मुलगी नव्हती, पण जावई मिळाला. सूनबाई तर मला सरळ भावोजी म्हणू लागली. ज्याला चेहरासुद्धा नाही, त्याला त्या लोकांनी नाते दिले. मी ते अजून विसरलेलो नाही.

मित्रांनो, तुम्ही उंचावरून खाली कोसळता तेव्हा किंचाळता. किंचाळा, त्याचेच तर तिकीट असते. पण तुम्हाला सांभाळणारी किती डोकी आणि किती हात तुमच्या खाली असतात, ते मी पाहिले आहे. गाडीला एका जागी एक चाक नसते, तीन असतात. वरचे चाक ओझे वाहते, बाजूचे वळणावर आधार देते आणि तिसरे रुळाच्या खालून घट्ट धरून ठेवते. म्हणून गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. चढावर जो खटखट आवाज येतो, त्याने पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. खरे तर तो धीराचा आवाज आहे. साखळी तुटलीच, तर गाडीला मागे घसरू न देणारा खटका प्रत्येक दात ओलांडताना तसा वाजतो. शेवटी गाडी थांबवतात ती मोठमोठी चुंबके. वीज गेली तरी त्यांचे काम चालूच राहते. साहेब पाहुण्यांना म्हणायचे, "ब्रेक हा आईसारखा पाहिजे. कुणी सांगायची वाट बघता कामा नये."

या सगळ्याहून मला आवडायचा तो कंपनीचा एक नियम. कुठलीही नवी गाडी आधी आम्ही बाहुले फिरवून आणणार. मग पहिला जिवंत माणूस म्हणून साहेब बसणार, तेही माझ्या शेजारी. ते बसून आल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाकडे जायची नाही. "ज्याची पाटी दारावर, तो आधी," असे ते म्हणत. सुटायच्या आधी ते माझ्या मांडीवर थाप मारायचे आणि विचारायचे, "काय जावईबापू, निघायचं?" मला तोंड नाही, पण माझ्या पोटातले पाणी हलायचे.

साहेबांची खास करामत म्हणजे शेवटची गिरकी. गाडी वेगाने येते आणि डावीकडे कलंडत पूर्ण उलटी होऊन पुन्हा सरळ होते. ती साहेबांनी तरुणपणी काढली होती. त्या गिरकीने कंपनीला नाव मिळवून दिले होते. लोक दुरून यायचे आणि 'साहेबांची गिरकी आहे ना?' असे विचारूनच गाडी मागायचे. त्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या शेवटी ती असायचीच.

आणि प्रत्येक चाचणीनंतर माझी मान गळायची.

गळायची म्हणजे खरोखर गळायची. गाडी थांबली की माझ्या खांद्यावरून पाण्याची धार लागायची. मग मला रिकामा करायचे, पुसायचे, आणि पंक्चरमामा फाटलेल्या जागी कानस घासून, सोल्यूशन लावून, ठिगळ दाबून बसवायचे. दाबताना ते माझ्याशी बोलायचे. "जावईबापू, नाजूक हो तुम्ही. सासरचं खाणं मानवत नाही वाटतं." नंतर मी खिळ्याला उलटा टांगलेला असायचो, पुढची चाचणी येईपर्यंत.

साहेब म्हणाले, रबर कच्चे आहे. जाड रबराची मान बसवली. तीही डावीकडे फाटली. त्याहून जाड बसवली. ती जरा उशिरा फाटली, एवढेच. आमच्या कंपनीत एका खिळ्यावरही तीन माणसे वाद घालत, पण माझी मान सारखी का फाटते हे कुणीच विचारले नाही. बाहुला आहे, फाटायचाच, असे सगळे धरून चालले होते.

इकडे साहेबांचीही मान दुखू लागली होती. गाडीतून उतरले की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. पुढे तो हात तिथेच राहू लागला. नंतर गळपट्टा आला. शेवटी डॉक्टरांनी, ते साहेबांचे जुने दोस्तच, स्पष्ट सांगितले, "मित्रा, आता पुरे. एक झटका बसला तर आयुष्यभर पलंगावर पडून राहशील. गाड्या बनव, पण बसू नकोस."

साहेबांनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावले. हातातली गाडी झाली की काम बंद, असे सांगितले. सूनबाई पुढे झाली. "बाबा, तुमच्या जागी मी बसते की!"

"तू बसशील गं. पण ज्या गाडीत मला बसवत नाही, ती मी लोकांच्या लेकरांना कुठल्या तोंडाने देऊ?"

पंक्चरमामांनी निमूटपणे मला खिळ्यावरून काढले आणि मागच्या चाचणीत फाटलेल्या जागी ठिगळ लावायला बसले. कुणीतरी म्हणाले, आता कशाला? मामा म्हणाले, "सासर सोडताना तरी जावई धड दिसू दे." ठिगळ लावून झाल्यावर त्यांनी माझ्यात पाणी भरले आणि कुठे गळतो का ते बघायला मला मैदानातल्या बाकावर बसवले. मित्रांनो, माझ्या पोटात त्या दिवशी पाणी होते, पण मला फार रिकामे वाटत होते.

थोड्या वेळाने साहेब येऊन माझ्याच शेजारी बसले. नेहमीच्या जागी, जसे गाडीत बसत तसे. गळपट्टा सैल केला आणि हात मानेवर ठेवला. सूनबाई चहा घेऊन आली आणि समोर येऊन थबकली. चहा द्यायचा विसरली. ती एकदा साहेबांकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

"बाबा, तुमची कुठली बाजू दुखते हो?"

"डावी. का?"

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे काय, वय झालं माझं."

"मग भावोजींचं काय वय झालंय?" तिने माझ्या ठिगळावर बोट ठेवले. "यांचीही डावीच फाटते. दर वेळी. तुम्ही दोघं एकाच गाडीत, शेजारी-शेजारी बसता. तुमची मान दुखते तर वय, यांची फाटते तर रबर. बाबा, गिरकीत गाडी डावीकडे कलंडते. धड गाडीबरोबर जातं, डोकं मागे राहतं, आणि ताण येतो तो इथे."

साहेबांचा चेहरा उतरला. मग एकदम चढला. "माझी गिरकी वाईट म्हणतेस? लोक हसत उतरतात त्यातून!"

"हसत उतरतात, आणि मान चोळत घरी जातात. गिऱ्हाइकांकडे जाते तेव्हा मी दर वेळी बघते. मला वाटायचं, मजेचाच भाग असेल."

साहेबांनी गळपट्टा पुन्हा घट्ट केला. चहा तसाच निवत राहिला. सूनबाईचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, पलंगावर कूस बदलताना तुम्ही पलंगाच्या कडेभोवती फिरता का? स्वतःभोवतीच फिरता ना? आपण गाडीला रुळाभोवती फिरवतो. त्यामुळे डोकं लांबून गरकन भिरकावलं जातं. रुळालाच माणसाच्या छातीभोवती फिरवलं तर? काळीज जागच्या जागी, आणि बाकी सगळं त्याच्याभोवती."

"आणि रूळ किती वाकडातिकडा होईल, कल्पना आहे का?"

"होऊ दे की. रुळाला कुठे मान आहे?"

साहेब उठून गेले. मला वाटले, संपले सगळे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गळपट्टा लावून वरच्या खोलीत हजर झाले आणि म्हणाले, "तुझ्या पायी रात्रभर कूस बदलत होतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. माझ्या गिरकीचा आराखडा काढ, आणि खोडरबर पण आण."

आपल्या तरुणपणाची सगळ्यात लाडकी रेघ साहेबांनी स्वतःच्या हाताने पुसली. सुनेने तिथेच नवी काढायला घेतली. आराखडे पुसले गेले, पुन्हा काढले गेले. सासरा-सून इतके भांडायचे की खाली पंक्चरमामा म्हणायचे, "चालू द्या, आवाज आहे तोवर कंपनी आहे." नवा रूळ उभा राहिला तेव्हा दिसायला खरेच विचित्र होता. पिळलेल्या पंच्यासारखा. साहेबांचा मुलगा म्हणाला, "हे विकायचं कसं?" सूनबाई म्हणाली, "तू डोळे मिटून विक. तसाही तू वर बघतच नाहीस."

मग माझी पाळी आली. मामांनी मला नेहमीसारखे पहिल्या खुर्चीत बसवले. माझ्या मानेत धक्के मोजणारे एक छोटे यंत्र ठेवले. खटखट करत मी वर चढलो. मित्रांनो, मला भीती माहीत नाही, असे मी तोवर समजत होतो. त्या दिवशी समजली. माझी मान फाटली असती, तर साहेब पुन्हा कधी माझ्या शेजारी बसले नसते.

गाडी सुटली. गिरकी आली. आकाश खाली गेले, जमीन वर आली, आणि माझ्या पोटातले पाणी, खरे सांगतो, जागचे हलले नाही. आईने कडेवरचे मूल अलगद दुसऱ्या कडेवर घ्यावे, तसे वाटले.

खाली मामांनी माझी मान चाचपली. कोरडी. पुन्हा फिरवले. कोरडी. पाणी कमी भरून, जास्त भरून, थंडीत, उन्हात फिरवले. कोरडीच. यंत्राने सांगितले की घरून कामाला येताना रस्त्यावरच्या खड्ड्यांत जे धक्के बसतात, त्याहून हे कमी आहेत. डॉक्टर स्वतः आले, त्यांनी ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, साहेबांची मान तपासली. मग माझीही तपासली आणि म्हणाले, "याची तर माझ्यापेक्षा बरी आहे. जा. पण आधी मी बसून येतो, मग तू." साहेब म्हणाले, "छे! ज्याची पाटी..." डॉक्टरांनी हात जोडले आणि बाजूला झाले.

साहेब माझ्या शेजारी बसले. गळपट्टा काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय जावईबापू, निघायचं?" आवाज थोडा कापला, पण थाप नेहमीचीच होती.

आम्ही गेलो आणि आलो. गाडी थांबली. सगळे एकटक साहेबांच्या हाताकडे बघत होते, कारण उतरल्यावर तो हात कुठे जातो हे सगळ्यांना पाठ होते. साहेब उतरले. हात वर गेला. स्वतःच्या मानेकडे नाही, माझ्या. माझ्या ठिगळांवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात, जावईबापू. आम्ही तुम्हालाच कच्चं म्हणत होतो."

मग ते सुनेकडे वळले. त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. पुढच्या आठवड्यात तिथल्या पाटीवर तिचेही नाव आले, आणि तेव्हापासून पहिल्या फेरीला माझ्या एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला सून, असे आम्ही तिघे बसू लागलो.

आता नवे बाहुले आले आहेत, माझ्याहून गुटगुटीत. मी वरच्या खोलीत खिडकीशी बसतो. नवीन कुणी आराखडे काढायला आले की सूनबाई त्याला आधी माझ्या मानेवरून हात फिरवायला लावते. माझी कसलीच तक्रार नाही. ज्यांनी मला नाव दिले, फाटलो तरी टाकले नाही, आणि शेवटी माझे ऐकले, त्यांचे उपकार कसे फेडायचे एवढाच मला प्रश्न आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी एकाच जागी पुन्हा पुन्हा फाटत असेल. दप्तराचा बंद असेल, चपलेचा अंगठा असेल, एखाद्या माणसाचा आवाज असेल. ठिगळ जरूर लावा, मायेने लावा. पण लावताना एकदा विचारा, बाबा रे, तुला इथेच का दुखते?

पंक्चरमामा काम सोडून गेले तेव्हा सोल्यूशनची एक नवी ट्यूब माझ्या मांडीवर ठेवून गेले होते. "लागली तर असू दे, जावईबापू." परवा सूनबाईने खिडकी पुसताना ती उचलली, दाबून पाहिली आणि हसली. नव्या बाहुल्यांसाठीही ती कधी उघडावी लागली नव्हती; आतल्या आत वाळून दगड झाली होती.