बापाने अडवलेली पोरगी

शनिवारी डॅड नेहमीसारखाच होता. दुपारी मी गेले तेव्हा सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीसाठी बर्चची लाकडं फोडत होता. वय अठ्ठ्याहत्तर. मला बघताच त्याने कुऱ्हाड पाठीमागे लपवली.

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"तो डेट्रॉइटचा आहे. त्याला लाकडातलं काय कळतं?"

पायरीवर बसून आम्ही मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी खाल्ल्या. मी बोलता बोलता सांगितलं, कम्युनिटी कॉलेजच्या आमच्या वाचनालयात नवा प्रमुख आलाय, माझ्याहून बारा वर्षांनी लहान.

डॅडने खाणं थांबवलं. "ती खुर्ची तुझी होती, एलिना. विद्यापीठात गेली असतीस तर. मी तेव्हा तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"जाऊ दे ना, डॅड. जुनं झालं."

दरवेळी मी हेच म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली दक्षिणेकडच्या विद्यापीठाने मला प्रवेश दिला होता. तेव्हा जेवताना डॅड एकदाच म्हणाला, "पुस्तकं इथल्या कम्युनिटी कॉलेजातही तीच असतील की." थट्टेतच. लेंपी आत्या समोर बसली होती. पुढे मी विचार बदलल्याचं सांगून इथेच नाव घातलं, आणि आत्याने निकाल दिला: माझ्या भावाने, आर्वोने पोरीला अडवलं. डॅडने तो मुकाट्याने मानला. शाळेच्या भिंतीवर नकाशा होता. जो जिथे शिकायला जाणार, तिथे त्याने टाचणी लावायची. आमच्या गावावर इतक्या टाचण्या होत्या की माझी तळ्यात लावावी लागली. दोन वर्षं इथे काढून मग तिकडे जाईन, असं मी सांगत राहिले. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. लोकांनी मला हळहळ दिली आणि डॅडला दोष. मी दोन्ही वाटण्या चालू दिल्या.

रविवारी त्याने फोन उचलला नाही. मी पोचले तेव्हा तो लाकडांच्या ढिगाशेजारी पडलेला होता, गार.

गुरुवारी दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव होता. लेंपी आत्या नव्या पाद्रीबाईंना माझी ओळख करून देत होती.

"ही आर्वोची लेक. भारी हुशार. विद्यापीठ बोलावत होतं, पण बापाचा हेका. आता गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी गप्प बसते."

"तू गप्प बसलेली मी अजून पाहिली नाही, लेंपी," शेजारची म्हातारी म्हणाली. दोघीतिघी हसल्या. पाद्रीबाईंनी माझा हात हातात घेतला. चेहऱ्यावर तीच हळहळ. मी हात सोडवून घेतला.

"आत्या, मला विद्यापीठात पाठवायच्या कागदांवर डॅडने सही केली होती," मी म्हणाले. "त्याच आठवड्यात. पाकिटाला तिकीटही त्यानेच लावलं होतं. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, आणि मी ते टाकलं नाही. तिथे सगळेच माझ्यापेक्षा हुशार निघतील, याची मला भीती वाटली. त्याने मला अडवलं नाही. आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही."