टेंभुर्णीची साल

"कर्करोग. घरी न्या हिला," असं एका दमात सांगून आनंदराव डॉक्टर हात धुवायला गेले. भोरातल्या त्यांच्या दवाखान्यात त्यांचा शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण त्यांचा मदतनीस डॉक्टर रघुवीर महा हट्टी.

ठकुबाईच्या पोटात मुठीपेक्षा मोठा टणक गोळा होता. रघुवीरने तो पुन्हा चाचपला. दाबला की फासळ्यांखाली सरकायचा. रुजलेली गाठ अशी हलत नाही, यावर तो अडून बसला.

"बाई, खाता काय?"

"समद्यांसारखंच."

"आणि अंगात नुसती हाडं उरलीत ती?"

ठकुबाईने तोंड फिरवलं. वेल्ह्याहून तिला बैलगाडीत घालून आणणारा नवरा, ज्ञानू, बाहेर ओट्यावर डोक्याला हात लावून बसला होता. रघुवीर त्याच्यापाशी गेला तेव्हा तो म्हणाला, "भाकरी पुढ्यात घेती, सायेब. म्या रानात गेल्यावर काय करती, द्येव जाणं."

रघुवीरला संताप आला. ही मरेल, पण बोलणार नाही! रबरी नळी घालून त्याने तिचं पोट धुवायला घेतलं.

"मरणाऱ्या बाईला कशाला छळतोस?" आनंदराव कडाडले. तो पाणी ओततच राहिला. तिसऱ्या खेपेला भांड्यात तपकिरी सालीचे धागे आले. टेंभुर्णी! कच्ची, तुरट फळं, सालीसकट, तीही उपाशीपोटी. त्यांचाच गोळा बसला होता.

"धान्य सोडलंत?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, तोंड मात्र मिटलेलंच. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नवस बोलून दाखवला की फुकट जातो. फाल्गुनात ज्ञानू विषमज्वराने याच खाटेवर तीन दिवस बेशुद्ध होता आणि ही दवाखान्याच्या पायरीवरून उठली नव्हती; तो बरा व्हावा म्हणून धान्य सोडायचा नवस तेव्हाचाच. रघुवीरला आपल्या रागाची लाज वाटली.

"तुम्ही काही बोलला नाहीत, मीच ओळखलं. नवस शाबूत आहे. धान्य नको, दूध घ्या. पण पुण्याला चला, गोळा काढता येईल."

"त्यास्नी सांगनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग येते."

आनंदरावांनी साल निरखली, गोळा स्वतः चाचपला आणि मुकाट्याने पुण्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

बाहेर ज्ञानू धडपडत उठला. "कसली गाठ हाय, डाक्तर?"

"रानफळांची. निघेल."

"रानफळं? घरात भाकर असताना? आसं कशापायी केलं आसंल येडीनं?"

रघुवीरने बैलगाडीकडे बोट केलं.

"गाडी जुंपा, ज्ञानबा," तो म्हणाला.