कोरडं मीठ

फ्लास्कच्या तळाशी, जिथे काच वळते, तिथे गुलाबी रंग जरा गडद दिसतो. वर तो इतका फिका असतो, की मागे पांढरा कागद धरल्याशिवाय कळत नाही. ताईंनी कागद धरला, पाहिलं, आणि कालच्या फ्लास्कमधला एक थेंब आजच्या खारट पाण्यात सोडला.

अकरा वर्षं त्या रोज हेच करत होत्या, रविवारीसुद्धा. फ्लास्कमधले हे जिवाणू मुळात साध्या मातीतले. थोडं मीठ जास्त झालं तरी मान टाकायचे. ताई दर काही महिन्यांनी मीठ किंचित वाढवायच्या. बहुतेक मरायचे, काही तगायचे, आणि तगलेल्यांची पिलावळ पुढे जायची. आता ही मंडळी समुद्राहून चौपट खाऱ्या पाण्यात सुखाने नांदत होती. त्यांच्या जनुकांत काय बदललं हे शोधणं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं काम. त्यांना जिवंत ठेवणं ताईंचं.

फोन वाजला. थोरली बहीण.

"उठली का तुझी खारी पोरं?"

"उठली, अक्का."

"चिमे, निवृत्तीचं वय उलटून दीड वर्ष झालं. मुदत वाढवून वाढवून तिथेच मुरणार आहेस. इथे मागची खोली झाडून माझी कंबर गेली. येणार आहेस, की भाडेकरू ठेवू?"

"सांगते."

"हे 'सांगते' मी दोन वर्षं ऐकतेय," म्हणत अक्काने फोन ठेवला.

इथून न हलण्याचं खरं कारण ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ संपलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडं मीठ आणलं. एरवी मीठ आधी विरघळवायचं आणि मग ते पाणी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं, हा नियम. त्या दिवशी फ्लास्क आधीच वाफवून निघाले होते. मिठात काय जगणार, असं म्हणून त्यांनी खडे तसेच कोरडे टाकले. मिठाच्या खड्यात मीठप्रेमी जीव वर्षानुवर्षं तग धरून राहतात, हे त्यांना पाठ होतं. तरी टाकले.

तीन आठवड्यांनी पांढरट फ्लास्क गुलाबी झाला. मिठातले ते जीवही गुलाबीच असतात. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "बघा, मिठाने रंग चढला!" ताई गप्प राहिल्या. तेव्हापासून रोजचा थेंब सोडताना एकच विचार यायचा: आपण परक्याचं मूल वाढवतोय, आणि मॅडमची दोन वर्षांची सगळी मोजमापं त्याच्यावर उभी आहेत.

अकराच्या सुमारास मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. "ताई, जनुकांचा अहवाल आलाय."

"उघडू नका. आधी माझं ऐका."

ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी मधेच विचारलं.

"कोरडं टाकलंत? तुम्ही?"

"मीच."

"आणि दोन वर्षं बोलला नाहीत?"

"रोज सांगायचं ठरवून यायचे. थेंब सोडून झाला, की वाटायचं, उद्या सांगू."

मॅडमनी अहवाल उघडला. त्यांचं बोट पडद्यावरून खाली गेलं, परत वर आलं.

"ताई, आधी खुर्ची घ्या."

"सांगा हो एकदाचं!"

"आपलीच आहेत. जुन्या खुणा सगळ्या जागेवर. परकं एकही नाही."

"मग तो रंग?"

"रंगाचं जनुक त्यांच्यात पहिल्यापासून होतं, झोपलेलं. एका छोट्या बदलाने जागं झालं. आणि हे बघा, पेशीला मिठापासून सांभाळणारा पदार्थ बनवणारं जनुक. एकाची तीन झालीत. अकरा वर्षांत ही कमाई. तुमचे ते खडे विरघळले आणि संपले."

ताई बसल्या. गुडघ्यांवरचे हात त्यांनी उलटे करून पाहिले, जणू काही सांडलं होतं.

"मी खरं तर रागवायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"रागवा की."

"उद्या रागवते."

दोघी हसल्या. मॅडमनी नवा फ्लास्क उचलून त्याच्यामागे पांढरा कागद धरला, अगदी ताई धरतात तसा. ताईंनी हात धुतले, नीट पुसले आणि फोन लावला.

"काय गं? आत्ताच तर बोललो. रडतेयस का?"

"नाही गं. अक्का, भाडेकरू ठेवू नकोस. मी येतेय. कायमची."