उभ्या माणसांची ऊब

मी या अंगणातला उंच हीटर बोलतोय. बोलतोय कसला, तोंड लपवतोय! डोक्यावर चकचकीत छत्री, पोटात गॅसचं सिलिंडर आणि उंची दाराएवढी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

दुकानात मला बघायला एक लेक आणि जावई आले. लेकीच्या बाबांचा जन्म केशकर्तनालयात गेला. कात्री आणि जीभ, दोन्ही सारख्याच चालायच्या. पुढे पाय गेले, व्हीलचेअर आली, पण गप्पांची खोड काही गेली नाही. संध्याकाळी अंगणात बसून कामावरून परतणाऱ्या प्रत्येकाला ते फाटकाशी अडवायचे. थंडी पडली की मात्र लेक त्यांना आत न्यायची, आणि मग बाबांचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून हीटरची खरेदी.

माझ्याशेजारी विजेवर चालणारा एक बुटका हीटर होता, जेमतेम गुडघ्याएवढा. "हा काय, बादली आहे का?" जावई हसला. दोघांनी माझ्याखाली उभं राहून हात वर धरले.

"आहाहा! बाबा खूश होतील बघ," लेक म्हणाली.

तिथेच एक खुर्ची होती. तिच्यावर त्यांनी आपल्या पिशव्या ठेवल्या होत्या. त्या बाजूला सारून जरा बसून बघावं, हे कुणाला सुचलंच नाही. माझी आच कुठवर जाते हे मला ठाऊक होतं हो! पण आपली निवड होतेय म्हटल्यावर मी नुसता फुलून गेलो.

अंगणात माझं कौतुकच कौतुक. येणारे-जाणारे माझ्याभोवती उभे राहायचे, हात शेकायचे, बाबांच्या कोपरखळ्यांवर खो खो हसायचे. बाबांचे पाय मात्र टेबलाखाली. त्यांची टाळू तापायची आणि कमरेखाली गार वारा.

"पुरते ना ऊब, बाबा?"

"अगं, घाम फुटलाय मला!" असं म्हणून ते पायांवरचं पांघरूण हळूच घट्ट ओढायचे. मला वरून सगळं दिसायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काल लेक त्यांचा घसरलेला मोजा वर करायला वाकली आणि दचकली. "बाबा! पाय बर्फासारखे झालेत. बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आत नेलं असतंस."

लेक तिथेच जमिनीवर बसली. त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिली, रडत राहिली. "हीटर घ्यायला जातानाच तुम्हाला न्यायला हवं होतं, बाबा. चुकलंच माझं."

"रडतेस काय वेडाबाई? टक्कल तर मस्त शेकलं ना!"

आज माझं सिलिंडर काढलंय. नवा हीटर निवडायला बाबा स्वतः निघालेत, व्हीलचेअरसकट. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, तेच बरं आहे. माझ्याखाली अख्खी गल्ली शेकली, आणि ज्यांच्यासाठी मला आणलं, ते एकटेच कुडकुडत सगळ्यांना हसवत होते. बाबा, मला माफ करा.